शून्य गुणांचे उत्तर

शाळेची स्मरणिका निघावयाची आणि तीत इतिहासाच्या शिक्षकाचा लेख असावयाचा, म्हणजे वाचकांनी लेण्यांविषयी, शिलालेखांविषयी किंवा चळवळीतील एखाद्या विस्मृत कार्यकर्त्याविषयी काही वाचावयास मिळेल अशी अपेक्षा बाळगावी, हे स्वाभाविक आहे. अशा प्रसंगी आजवर आम्ही तसेच लिहीत आलो. या वेळी मात्र आम्ही पत्त्यांच्या एका खेळाविषयी आणि त्या खेळातील एका लहानशा उत्तराविषयी लिहिणार आहोत. खेळाचे नाव ब्रिज आणि उत्तर ‘दोन चौकट’. आमच्या वर्गात बसलेल्या माजी विद्यार्थ्यांना हे दोन शब्द वाचून हसू येईल. ते शब्द आमच्या तोंडी कोठून आले, हे मात्र आम्ही त्यांना कधी सांगितले नाही. ते आज सांगतो.

पत्त्यांचे नाव काढताच पालकांच्या कपाळावर आठी उमटेल, याची आम्हांस जाणीव आहे. आमच्या लहानपणी वस्तीत शनिवारी मजुरी हाती पडे आणि रविवारी सकाळपर्यंत ती तीन पत्तीच्या डावात संपलेली असे. आमच्या थोरल्या भावाने एकदा घरात पत्त्यांचा कॅट आणला, तेव्हा आईने एक शब्दही न बोलता तो चुलीत टाकला होता. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी धनहानीची जी सहा द्वारे सांगितली आहेत, त्यांत जुगार आहेच. आईने ते सुत्त वाचलेले नव्हते; तिने ते द्वार प्रत्यक्ष पाहिले होते. म्हणून आरंभीच स्पष्ट करतो की, ब्रिजच्या टेबलावर आम्ही कधी एक पैसाही लावला नाही आणि इतर कोणी लावलेला पाहिला नाही. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीविषयीच्या एका खटल्यात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरविला, तेव्हा त्यातील दैवाचा अंश ब्रिजमधील पत्तेवाटपाच्या दैवासारखाच आहे, अशी तुलना केली होती. २०१८ च्या जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला आणि भारताच्या प्रणव बर्धन व शिवनाथ सरकार या जोडीने पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. त्या वेळी एकाचे वय ६० आणि दुसऱ्याचे ५६ होते. पन्नाशी उलटलेल्या आमच्यासारख्यांना तेवढाही आधार पुरे.

आम्ही या शाळेत रुजू झालो त्याला आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली. निवासी शाळेत शिक्षकाचा दिवस घंटेबरोबर संपत नाही. सायंकाळची वंदना, मुलांचे जेवण, अभ्यासिका हे सारे उरकून वसतिगृहातील दिवे मालवले, की शिक्षक निवासाच्या ओट्यावर चार माणसे एकत्र येत. त्यांतील गणिताचे सर आमच्याहून पंधरा वर्षांनी मोठे. ते हा खेळ शिकलेले होते आणि त्यांना तीन भिडू हवे होते. विज्ञानाचे सर, कार्यालयातील लेखनिक आणि आम्ही, असे तिघे त्यांच्या हाती लागलो. वीज गेली तर कंदिलाच्या उजेडात खेळ चाले. गणिताच्या सरांनी आम्हांस आपला भिडू करून घेतले. आम्हांस वाटले, ही मैत्री आहे. पुढे कळले की, चौघांत सर्वांत कच्चा खेळाडू स्वतःकडे घेण्याची त्यांची रीतच होती.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बावन्न पाने चौघांत वाटली जातात, प्रत्येकाला तेरा. समोरासमोर बसणारे दोघे भिडू. पाने टाकण्यापूर्वी बोली होते. आपण किती हात करू आणि कोणता रंग हुकूम असेल, हे बोलीने ठरते. बोलीची भाषा अवघ्या पंधरा शब्दांची आहे. एक ते सात हे आकडे. किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि बिनहुकमी ही पाच नावे. आणि पास, डबल, रीडबल. एवढ्या शब्दांत समोरच्या भिडूला आपली तेरा पाने सांगावयाची. डोळा मिचकावणे, उसासा टाकणे, मुद्दाम थांबणे हे सारे वर्ज्य. भिडू घुटमळला तर त्या घुटमळण्याचा फायदा घेणेही नियमाबाहेर आहे. शिवाय भिडूंनी आपसांत ठरविलेला एखाद्या बोलीचा अर्थ प्रतिस्पर्ध्यांनी विचारला, तर तो त्यांना सांगावाच लागतो. गुप्त संकेताला या खेळात जागा नाही.

पानांचे मोल एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ असे मोजतात. सर्व मिळून ४० गुण. दोघा भिडूंचे मिळून २५ च्या आसपास गुण असले तर सामान्यतः ‘गेम’ साधतो, म्हणजे बिनहुकमीत ९, बदाम किंवा इस्पिकमध्ये १० आणि किलवर किंवा चौकटमध्ये ११ हात. गेमची बोली करून ती पुरी केली तर मोठे बक्षीस असते. बोली खाली ठेवून तेवढेच हात केले, तर ते बक्षीस मिळत नाही. केलेले काम आणि बोललेला शब्द या दोहोंचा मेळ बसला तरच फळ, असा हा न्याय आहे.

आता मुख्य विषय. क्वचित एखाद्याच्या हाती २२ किंवा अधिक गुण येतात. तो जवळजवळ एकट्याच्या बळावर गेम करू शकतो. असा खेळाडू आरंभी ‘दोन किलवर’ म्हणतो. या बोलीचा किलवरशी काहीही संबंध नसतो. त्याच्याकडे किलवरचे एकच पान असेल, एकही नसेल. तिचा अर्थ एवढाच की, ‘माझा हात फार भक्कम आहे, आता तू बोल.’ आणि समोरच्या भिडूवर एकच बंधन येते. त्याने पास म्हणावयाचे नाही. त्याच्याकडे शून्य गुण असले तरीही नाही.

हे बंधन आम्ही पाठ केले होते. तरीही जिल्ह्याच्या गावी एका स्पर्धेत आम्ही चौघे संघ म्हणून उतरलो, तेव्हा आमच्याकडून ते मोडले. ती तेरा पाने आम्हांस आजही आठवतात. इस्पिकची दश्शी, अट्ठी, चव्वी. बदामाची अट्ठी, दुर्री. चौकटची नव्वी, छक्की, पंजी, तिर्री. किलवरची नव्वी, सत्ती, छक्की, पंजी. चित्राचे एक पान नाही. गुण शून्य. आम्ही पाने हाती धरून बसलो होतो आणि समोरून गणिताचे सर शांतपणे म्हणाले, ‘दोन किलवर.’ उजव्या हाताच्या खेळाडूने पास म्हटले. अनोळखी क्लब, पंख्याचा आवाज, आणि समोर इंग्रजीत हलक्या आवाजात बोलणारे, आमच्याहून कितीतरी सफाईने पाने धरणारे दोन प्रतिस्पर्धी. आमच्या मनात एकच विचार आला. आपल्याकडे काही नाही. ज्याच्याकडे काही नाही त्याने मध्ये बोलू नये. आम्ही पास म्हटले. पुढच्या खेळाडूने क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि हसू दाबत पास म्हटले.

सरांकडे इस्पिकचे एक्का, राजा, राणी, गुलाम, नव्वी, छक्की होते; बदामाचे एक्का, राजा, राणी, पंजी; चौकटचा एक्का आणि सत्ती; आणि किलवरची एकुलती एक तिर्री. तेवीस गुणांचा तो हात आता एका पानाच्या हुकमावर खेळावयाचा होता. प्रतिस्पर्ध्यांनी किलवरची उतारी केली आणि लागोपाठ चार हात ओढले. किलवर संपल्यावर उरलेले नऊही हात सरांचे झाले. आठ हातांची बोली होती, नऊ झाले. आमच्या खात्यावर ११० गुण मांडले गेले आणि आम्हांस क्षणभर वाटले, निभावले!

या स्पर्धेत तीच पाने दुसऱ्या टेबलावरही खेळली जातात, आणि तेथे आमच्या जागी प्रतिस्पर्धी संघाची जोडी बसलेली असते. वाटप सर्वांना सारखे. फरक पडतो तो बोलीने आणि खेळाने. त्या टेबलावर ‘चार इस्पिक’ची बोली झाली आणि अकरा हात होऊन ४५० गुण मिळाले. त्या ३४० गुणांच्या तफावतीचे संघांच्या कोष्टकात ८ गुण होतात. सामना आम्ही ६ गुणांनी हरलो.

परतीच्या एस.टी.त सर बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग पिशवीतून कॅट काढून त्यांनी तीच सव्वीस पाने आमच्या दोघांच्या मांडीवर मांडली. ते रागावले नव्हते. ते म्हणाले, ‘सर, तुमच्याकडे काही नाही हे तुम्हाला ठाऊक होते. मला कसे कळणार? पास म्हणून तुम्ही मला ते सांगितले नाहीत. माझे बोलणे तेवढे थांबवलेत.’

आम्ही म्हणालो, ‘शून्य गुणांवर बोलायला तोंड झाले नाही.’

‘शून्यासाठीच तर दोन चौकट ठेवलेली आहे,’ सर म्हणाले. ‘सगळ्यांत खालची, सगळ्यांत स्वस्त बोली. तिचा अर्थ, माझ्याकडे सांगण्यासारखे अजून काही नाही, तुम्ही पुढे बोला. ती म्हटली असती तर मी दोन इस्पिक म्हटले असते.’

मग त्यांनी पुढचा जिना उलगडून दाखविला. दोन इस्पिक आल्यावरही गेम होईपर्यंत आम्हांस थांबता येणार नव्हते. पण आता सांगण्यासारखे काही तरी होते, हुकमाची तीन पाने. आमच्या पद्धतीत येथे ‘तीन इस्पिक’ म्हणणारा भिडू सांगतो की, माझ्याकडे तुमचा रंग आहे आणि वर एखादा एक्का किंवा राजाही आहे, मोठ्या लक्ष्याचा विचार करा. आणि थेट ‘चार इस्पिक’ अशी उडी घेणारा सांगतो की, रंग आहे, पण दुसरे काहीच नाही. नवख्याला हे उलटे वाटते. गेम तर ठरलेलाच आहे, म्हणून सावकाश चढणाऱ्याकडे बळ असते; घाईने वरची पायरी गाठणारा तेथेच थांबावयाची विनंती करीत असतो. हुकमाचा आधारही नसता आणि हात अगदीच फुटका असता, तर ‘तीन किलवर’ ही दुसऱ्यांदा नकार देणारी बोली होती. आणि दोन चौकटनंतर सर ‘दोन बिनहुकमी’ म्हणाले असते, म्हणजे २२ ते २४ गुणांचा समतोल हात दाखवला असता, तर शून्य गुणांवर आम्हांस पास म्हणता आले असते. थांबण्याचा दरवाजाही होता. आम्ही तो एक मजला आधीच शोधत होतो.

‘आणि आता हे पाहा,’ असे म्हणून सरांनी इस्पिक हुकूम धरून तो डाव खेळून दाखविला. त्यांचे स्वतःचे दहा हात होते. अकरावा कोठून आला? बदामाचा एक्का आणि राजा खेळून झाल्यावर त्यांनी बदामाची पंजी टाकली. आमच्याकडील दोन्ही बदाम संपले होते, म्हणून ती पंजी आमच्या इस्पिकच्या दश्शीने मारली. शून्य गुणांच्या हाताने एक हात केला होता. त्या दश्शीला गुणांच्या मोजणीत काहीच किंमत नाही. ती योग्य हुकमात, योग्य भिडूसमोर आली तेव्हाच तिची किंमत झाली, आणि ती तेथवर यावयाची तर आम्ही बोलावयास हवे होते.

पुढे आम्ही या उत्तराचा इतिहास शोधला; पेशाच तसा. आधुनिक कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती १९२५ साली अमेरिकेतील हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी बसविली. बलवान हातासाठी ‘एक किलवर’ ही बोली त्यांनीच मांडली आणि तिच्यासोबत दुबळ्या हातासाठी ‘एक चौकट’ हे उत्तरही. १९३० च्या दशकात एली कल्बर्टसन यांच्या पद्धतीत भक्कम हात रंगाची ‘दोन’ची बोली करी आणि रिकाम्या हाताचे उत्तर ‘दोन बिनहुकमी’ असे. पुढे दोन किलवर आणि दोन चौकट ही जोडी रूढ झाली. सी. सी. वेई यांच्या प्रिसिजन पद्धतीने १६ गुणांवर ‘एक किलवर’ आणि ७ पर्यंतच्या गुणांवर ‘एक चौकट’ असे ठरविले. ती पद्धत घेऊन तैवानचा संघ १९६९ साली जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत पोहोचला. पद्धती बदलल्या, आकडे बदलले. एक गोष्ट या साऱ्यांत कायम राहिली. भक्कम बोली जेथे जेथे ठेवली, तेथे तेथे रिकाम्या हातासाठी एक सन्मान्य उत्तर आधी राखून ठेवले. ज्या प्रश्नाला ‘माझ्याकडे नाही’ असे निर्भयपणे म्हणता येत नाही, तो प्रश्नच सदोष, हे या खेळाने फार लवकर ओळखले होते.

आम्ही मात्र ते वर्गात ओळखले नव्हते. त्याच वर्षी आठवीत एक मुलगा होता. आईवडील ऊसतोडीला जाणारे, त्यामुळे त्याच्या आधीच्या इयत्तांत मोठमोठी भगदाडे पडलेली. आम्ही प्रश्न विचारला की तो उभा राही, जमिनीकडे पाही आणि गप्प बसे. आम्ही म्हणत असू, ‘बोल, काही तरी बोल.’ वर्ग हसे. मग आम्ही म्हणू, ‘बस खाली.’ त्याच्या त्या मौनाला आम्ही आळस समजलो. काही वेळा उर्मटपणाही. दिवाळीच्या सुट्टीला गेला तो परतला नाही. आम्ही त्याच्या गावी गेलो. आईवडील कारखान्यावर गेले होते, तोही त्यांच्याबरोबर. ओसरीवर आजी होती. ती म्हणाली, ‘सर इचारतेत अन् मला येत न्हाई, असं म्हनायचा.’ आम्ही परतताना स्वतःची समजूत घातली की, गरिबीपुढे शाळेचे काय चालणार!

स्पर्धा झाली ती त्यानंतर दोन महिन्यांनी. एस.टी.त मांडीवर मांडलेल्या त्या पानांकडे पाहताना आम्हांस तो मुलगा आठवला. तो उभा राहत होता तेव्हा समोरचा भक्कम हात आमचा होता. पदवी आमची, पुस्तक आमचे, प्रश्नही आमचा. आणि ‘मला येत नाही, पण तुम्ही पुढे सांगा’ असे म्हणावयास त्याला कोणते उत्तर आम्ही ठेवले होते? एकही नाही. उरत होते ते फक्त मौन. अनोळखी क्लबात आम्ही ज्या भीतीने पास म्हटले, तीच भीती त्याला रोज आमच्यासमोर वाटत होती. ज्याच्याकडे काही नाही त्याने बोलू नये, हा धडा आमच्या समाजाला पिढ्यान्पिढ्या दिला गेला. इतिहासाच्या तासाला आम्ही त्याविरुद्ध तळमळून बोलत असू, आणि त्याच तासाला नकळत तो धडा एका मुलाकडून गिरवून घेत होतो. गरिबीने त्याला नेले असेलही. पण जाणे सोपे करण्यात आमचा वाटा होता, हे आम्ही येथे लिहून ठेवतो.

पुढच्या जूनपासून आम्ही वर्गात एक नियम केला. प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर उभे राहून ‘दोन चौकट’ म्हणावे. त्यावर कोणी हसावयाचे नाही आणि शिक्षकानेही ‘बस खाली’ म्हणावयाचे नाही. शिक्षकाने पुढची, अधिक सोपी बोली करावयाची, म्हणजे प्रश्न फोडून विचारावयाचा. आरंभी मुलांना ती गंमत वाटली. काही चतुर मुलांनी तिचा आडोसाही केला. अभ्यास न करता सारेच दोन चौकट! तेव्हा आम्ही त्यांना खेळाचा पुढचा नियम सांगितला. दोन चौकट म्हटल्याने सुटका होत नाही. बोली आपल्याकडे पुन्हा येते आणि तेव्हा काही तरी सांगावेच लागते. हुकमाची तीन पाने असतील तर तीन पाने. सनावळी येत नसेल तर नकाशात गाव दाखव. गाव दाखवता येत नसेल तर वाचलेली एक ओळ सांग.

हुशार मुलांसाठीही त्यात एक धडा होता. दोन किलवरवर ‘दोन इस्पिक’ किंवा ‘तीन चौकट’ असे होकारार्थी उत्तर द्यावयाचे तर साधारण आठ गुण आणि पाच पानांचा चांगला रंग लागतो, त्या रंगाच्या एक्का-राजा-राणीपैकी दोन पाने हाती असलेला. एवढे नसेल तर आठ-नऊ गुणांचा विखुरलेला हातही आधी दोन चौकटच म्हणतो, कारण समोरच्याला आपला हात उलगडण्यास जागा हवी असते. थोडे येत असताना सारे येते असा आव आणणाराही भिडूची वाट अडवतो. आहे त्याहून कमी सांगू नये, आहे त्याहून अधिकही सांगू नये.

गणिताचे सर निवृत्त झाले आणि काही वर्षांनी गेले. त्यांचा तो कडा झिजलेला कॅट आमच्या कपाटात आहे. गेल्या वर्षी आमची एक माजी विद्यार्थिनी भेटावयास आली होती. ती आता एका रुग्णालयात परिचारिका आहे. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तिला एक यंत्र हाताळावयास सांगितले, तेव्हा सोबतच्या दोघी माना डोलावून गप्प राहिल्या. हिने सांगितले की, मला हे अजून येत नाही, एकदा दाखवा. वरिष्ठांनी दाखविले. बोलता बोलता ती म्हणाली, ‘सर, तोंडावर दोन चौकट आले होते, कसेबसे आवरले.’ आम्ही दोघेही हसलो. तिला आम्ही त्या दिवशी त्या आठवीतल्या मुलाची हकिकत सांगितली नाही. आज येथे सांगितली, कारण त्या दोन शब्दांची किंमत त्याने भरलेली आहे.

या स्मरणिकेच्या वाचकांत पालक आहेत, शिक्षक आहेत, आणि आमचे कितीतरी माजी विद्यार्थी आज स्वतः आईवडील आहेत. आपल्या घरी मूल मान खाली घालून उभे असेल, तर त्याच्या मौनाचा अर्थ लावण्यापूर्वी एवढेच तपासावे की, ‘मला येत नाही’ म्हणण्याची सोय आपण त्याला ठेवली आहे काय. ती ठेवलेली असेल आणि ते तसे म्हणाले, तर त्याने पास म्हटलेले नाही. त्याने आपल्याला पुढे बोलावयास सांगितले आहे. मग पुढची बोली आपली.